तिसरे माप

शेततळे केवढे, असे विचारले की शेतकरी ‘तीस बाय तीस बाय तीन’ असे सांगून मोकळा होतो. मापे मीटरमधली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतला हा सर्वांत मोठा आकार. शाळेत शिकलेला गुणाकार केला की २,७०० घनमीटर येतात, म्हणजे २७ लाख लिटर पाणी. बाजूंचा उतार एकास एक धरला, तर प्रत्यक्षात त्या तळ्यात २,१९६ घनमीटरच पाणी मावते. पाच लाख लिटरचा फरक! यात कोणी लबाडी केलेली नसते. माती किंवा मुरमाची बाजू सरळ उभी राहत नाही, ढासळते. म्हणून तिला उतार द्यावा लागतो. तीन मीटर खाली जाईपर्यंत प्रत्येक बाजू तीन मीटर आत सरकते आणि वर ३० बाय ३० असलेले तळे तळाशी २४ बाय २४ उरते. लांबी आणि रुंदी मोजली ती काठावर. खोली मोजली ती मधोमध. ही तीन मापे एकाच ठोकळ्याची नाहीतच.

लांबी, रुंदी आणि खोली यांचा प्रश्न चौथी-पाचवीतच सुटला, असे आपण धरून चालतो. तो तसा सुटलेला नाही. बांधकामावर, लाकडाच्या वखारीत, रोजगार हमीच्या चरावर, धरणाच्या आकडेवारीत, अगदी सोनोग्राफीच्या कागदावरही तो रोज नव्याने उभा राहतो. आणि बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो तिसऱ्या मापात. पहिली दोन मापे उघड्यावर असतात. दोन माणसे टेप धरतात, बाकीचे पाहतात. तिसरे माप वस्तूच्या पोटात असते. ते कुठून धरायचे हे ठरलेले नसते, ते सगळीकडे सारखे नसते आणि काम पूर्ण झाले की दिसेनासे होते.

त्यात आणखी एक साधे गणित आहे, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तिसरे माप बहुधा तिघांत सर्वांत लहान असते. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदतात, त्याचे उदाहरण घेऊ. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल, तर १० मीटर लांबीत १.८ घनमीटर माती निघते. लांबी मोजताना ३ सेंटिमीटरची चूक झाली, तर घनफळात फरक पडतो ०.३ टक्के. तीच ३ सेंटिमीटरची चूक खोलीत झाली, तर फरक १० टक्के. टेप तोच, हातही तोच. घरावरच्या स्लॅबचेही असेच. पाच इंचांचा स्लॅब साडेचार इंचांचा झाला, तर काँक्रीट १० टक्के वाचते; पण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरतो. अर्धा इंच एवढा महाग पडतो.

आधी नावांचा आणि क्रमाचा भाग उरकून घेऊ. पाठ्यपुस्तकातल्या इष्टिकाचितीला लांबी, रुंदी, उंची असते, आणि सर्वांत मोठी बाजू ती लांबी असे मुलांच्या मनात बसते. व्यवहारात असा नियम नाही. दार-खिडकीची रुंदी आधी सांगतात, मग उंची, मग चौकटीची जाडी. पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंडाकडची मोठी बाजू लांबी, लहान बाजू रुंदी आणि तोंडापासून तळापर्यंतचे अंतर ती उंची. मग ती तिघांत सर्वांत मोठी असली तरी चालते. चित्रांच्या दालनात मात्र उंची आधी लिहितात. म्हणून आकड्यापुढे ‘रुं.’, ‘उं.’, ‘खो.’ एवढे अक्षर लिहिणे हा मोठाच शहाणपणा आहे. ‘चार बाय तीन’ एवढेच लिहून दिलेली खिडकी आडवी येते की उभी, हे फॅब्रिकेटरच्या सवयीवर अवलंबून राहते.

सुताराकडे गेलात तर तो आणखी एक गोष्ट विचारेल: माप बाहेरचे की आतले? कपाटाची खोली दोन फूट म्हटली, की मागची फळी, पुढचे दार आणि प्लायची जाडी वजा जाऊन आत किती उरते, हे त्याच्या डोक्यात आधीच असते. कपड्यांचे हँगर साधारण दीड फुटाचे, त्यात कोटाच्या बाह्यांना थोडी जागा लागते, म्हणून दोन फुटांची खोली रूढ झाली. ती दीड फुटावर आणली की हँगर आडवा मावत नाही आणि दार लागत नाही. त्याच्या मापांत तीन पद्धती सुखाने एकत्र नांदतात. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, तिची जाडी १८ मिलिमीटर आणि काटछाट सुतात. इंचाचे आठ सूत. तिन्ही एकाच ओळीत लिहिलेली असली तरी गुणाकार करण्याआधी ती एका जातीची करावी लागतात.

आपल्या भूमीत या विषयाचा सर्वांत स्वच्छ विचार झाला तो ‘लीलावती’त. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमारासचा. त्यातला खातव्यवहार म्हणजे खड्ड्यांचे गणित. त्याची सुरुवातच मला फार मोलाची वाटते, कारण भास्कराचार्य आदर्श ठोकळ्यापासून सुरुवात करत नाहीत, वेड्यावाकड्या खड्ड्यापासून करतात. रुंदी अनेक ठिकाणी मोजा, बेरीज करा, जितक्या ठिकाणी मोजली त्या संख्येने भागा. लांबीचे तसेच करा, खोलीचेही तसेच. मग गुणाकार. उदाहरणातल्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी १०, ११ आणि १२ हात, रुंदी ६, ५ आणि ७ हात, खोली २, ४ आणि ३ हात. सरासरी ११, ६ आणि ३. घनफळ १९८ घनहस्त. सरासरीचा असा वापर आजही मोजणी करणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवावा लागतो आणि कामाच्या घाईत तोच आधी विसरला जातो.

पुढचे उदाहरण तर थेट आपल्या शेततळ्याचेच आहे. एका वापीचे तोंड १२ हात लांब आणि १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ बाय ५, खोली ७ हात. आता पाणी किती? तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०. त्यांची सरासरी ७५ घेऊन सातने गुणले तर ५२५ येतात. याऐवजी लांबी-रुंदीचीच सरासरी घेतली, ९ बाय साडेसात, तर ४७२.५ येतात. दोन्ही रीती सरळ वाटतात आणि दोन्ही चुकतात. एक जास्त दाखवते, दुसरी कमी. भास्कराचार्य तिसरी रीत देतात. तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोन्हींच्या भुजांची बेरीज करून येणाऱ्या आयताचे, म्हणजे १८ गुणिले १५, २७०. एकूण ४२०. त्याला ६ ने भागले की ७०. सात हात खोलीने गुणले की ४९० घनहस्त. हे उत्तर अचूक आहे.

हीच रीत शेततळ्याला लावून पाहा. वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६, भुजांच्या बेरजेचे ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२, भागिले ६, ७३२. गुणिले ३, २,१९६. सरकारी कागदावर येणारा आकडा आणि ‘लीलावती’तला हिशोब एकच आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणमध्ये भास्कराचार्यांच्या नातवाच्या काळचा शिलालेख आहे. त्याच खानदेशातल्या शेततळ्यांवर हे गणित आज चालते. नववी-दहावीच्या वर्गात शंकूछेदाचे सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना एखाद्या तळ्याच्या काठावर नेले आणि हा हिशोब करायला लावला, तर सूत्र कशासाठी आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

धान्याच्या राशीचे प्रकरणही पाहण्यासारखे आहे. खळ्यावर धान्याची रास पडली, तिची उंची कशी मोजणार? काठी खुपसली तर रास ढासळते. भास्कराचार्य सांगतात, घेर मोजा. जाड दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक दाण्याची अकराव्या, कुसळे असलेल्या धान्याची नवव्या. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणा. घेर ६० हात असलेली जाड धान्याची रास ६ हात उंच आणि तिचे माप १० गुणिले १० गुणिले ६, म्हणजे ६०० घनहस्त. यात पाय ३ धरलेला आहे, तेवढी सूट व्यवहारात चालून जाते. खरी मेख उंचीत आहे. कोणत्याही दाण्याचा ढीग ठरावीक उतारावरच थांबतो. या तीन प्रमाणांवरून कोन काढले तर ते साधारण ३० ते ३५ अंशांत येतात. बारीक दाणा जास्त घरंगळतो म्हणून त्याची रास बसकी, कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास उभी. म्हणजे मोजता न येणारे तिसरे माप पदार्थाच्या स्वभावातून काढले आहे. वाळूचे आणि खडीचे ढीग मोजतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते.

वाळूचा विषय निघालाच आहे, तर ब्रासकडे वळू. महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. प्लॅस्टर करणारा मिस्त्रीही ब्रासच म्हणतो, पण त्याचा ब्रास १०० चौरस फुटांचा. तिथे जाडी आधीच ठरलेली मानतात, म्हणून ती बोलण्यात येत नाही. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि भरलेल्या वाळूची उंची २ फूट असेल तर बरोबर एक ब्रास. ही उंची फाळक्याशी मोजायची, मधोमध मोजायची, की शीग आणि कोपऱ्यातला उतार यांचा मेळ घालून? माझ्या मते चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी सळई खुपसून सरासरी घ्यावी; दोन मिनिटांचे काम आहे.

वाळूचा आणखी एक गुण आहे. ती किंचित ओली असताना फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचे पातळ आवरण बसते, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि पाच टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकते. हीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की पुन्हा कोरड्या वाळूएवढी बसते. म्हणजे ट्रॉली शिगोशीग भरलेली असूनही घरमालकाला वाळू कमी मिळते, आणि घमेल्याने माप घालणाऱ्या मिस्त्रीचे मिश्रण नकळत सिमेंटकडे झुकते. तिन्ही मापे नेमकी, तरीही माल कमी. आकारमान मोजले म्हणजे वस्तू मोजली, असे होत नाही.

लाकडाच्या वखारीत चिरलेल्या मालाचा हिशोब सरळ असतो: १२ फूट लांब, ५ इंच रुंद, ३ इंच जाड तुळई म्हणजे १२ गुणिले ५ गुणिले ३, भागिले १४४, सव्वा घनफूट. गोल ओंडक्याला मात्र रुंदी आणि जाडी असे दोन वेगळे आकडे नसतात. तिथे घेर मोजून त्याच्या चौथ्या भागाचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. असे केल्याने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्के आकडा येतो. उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे ओंडका चौरस करताना निघणाऱ्या साली, फळकुटे आणि भुसा यांसाठी व्यापाराने धरलेली सूट. रीत जुनी आहे आणि दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून तिला अन्याय म्हणता येत नाही. पण पहिल्यांदाच स्वतःच्या बांधावरचा साग विकणाऱ्याला हे आधी कळायला हवे.

तिसऱ्या मापाची खरी किंमत मला रोजगार हमीच्या कामावर दिसते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून उभी केलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि १९७९ पासून तो कायदा लागू झाला. तिथली मजुरी कामाच्या मापावर ठरत आली आहे: किती घनमीटर खोदले, माती मऊ की कठीण मुरूम, ती किती लांब टाकली, किती उंच चढवली. उन्हात दिवसभर कुदळ चालवणाऱ्या बाईच्या हाती पडणारे पैसे म्हणजे लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार. सुरुवातीला काढलेले ते दहा टक्के इथे आठवावेत. तीन सेंटिमीटर खोली कमी लिहिली गेली तर तिच्या दहा दिवसांतला एक दिवस फुकट जातो. चराच्या तळाशी वारा-पावसाने आलेली सैल माती असेल, मापासाठी माणूस आठ दिवस उशिरा आला असेल, तर ते तीन सेंटिमीटर सहज जातात. म्हणून मोठ्या खड्ड्यात मध्ये मध्ये न खोदलेल्या जमिनीचे खुंट ठेवायची पद्धत आहे. जुनी जमीन कुठे होती याची साक्ष ते खुंट देतात आणि त्यांच्या माथ्यापासून खोली मोजता येते. माप घेताना मजुरांनी समोर असणे, त्यांना आकडा मोठ्याने वाचून दाखवणे ही मेहरबानी नाही. ज्याच्या श्रमाचे माप घेतले जाते त्याला ते कळलेच पाहिजे.

खोली कुठून मोजायची, हा प्रश्न पाण्यावर गेल्यावर आणखी मोठा होतो. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर जाते. मग बंदराची खोली किती म्हणायची? देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे यावर सावध उत्तर देतात. त्यांतली खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून धरलेली असते, म्हणजे जहाजाला मिळणारे पाणी नकाशात दाखवल्यापेक्षा सहसा जास्तच असते.

धरणाच्या बातमीत तर खोली नसतेच. कोयनेची पातळी २,१०० फुटांपुढे गेली असे आपण वाचतो. ती समुद्रसपाटीपासूनची उंची. धरणाची स्वतःची उंची सुमारे १०३ मीटर. साठा मात्र टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतात. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, जायकवाडीची सुमारे १०२. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखी. पण कोयनेचा जलाशय पसरतो सुमारे ११५ चौरस किलोमीटरवर आणि जायकवाडीचा सुमारे ३५० वर. भागाकार केला की कोयनेत सरासरी २६ मीटर पाणी, जायकवाडीत आठ मीटरच्या आसपास. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. म्हणून जवळपास तेवढेच पाणी मराठवाड्याच्या उन्हात कितीतरी वेगाने उडते. एका आकड्यात सांगितलेल्या घनफळाने हा फरक झाकून टाकला आहे. उजनीत आणखी वेगळी गोष्ट: ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, दरवाज्यांच्या खालचा. म्हणून तिथे टक्केवारी शून्याखाली जाते आणि धरणात डोळ्यांना अफाट पाणी दिसत असतानाही बातमीत ‘उणे’ असे छापून येते.

शरीरातल्या मापांबद्दल थोडक्यात, कारण कुठल्या ना कुठल्या घरात तो कागद असतोच. सोनोग्राफीच्या अहवालात गाठीची तीन मापे येतात आणि घनफळ काढताना त्यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणतात, कारण गाठ ठोकळ्यासारखी नसते, लंबगोल असते. २ सेंटिमीटरची गाठ अडीच सेंटिमीटर झाली म्हटल्यावर ‘अर्ध्याच सेंटिमीटरने वाढली’ असे वाटते. तिन्ही दिशांनी तेवढी वाढली असेल तर तिचे घनफळ जवळजवळ दुप्पट झालेले असते. उलट, तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या अहवालात एकच माप दोन मिलिमीटरने बदलले असेल, तर प्रोब थोडा वेगळ्या कोनात धरल्यानेही तेवढे होते. डॉक्टरांना विचारायचे ते हे: तिन्ही मापे वाढली का, आणि दोन्ही वेळा ती त्याच दिशेने घेतली का?

कुरियरवाल्यांनी तिसऱ्या मापाला थेट वजनाचे रूप दिले आहे. सेंटिमीटरमधल्या तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ५,००० म्हणजे किलो. ५० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात दोन किलोची उशी असली, तरी दर लागतो १२ किलोचा. खोक्याची उंची १० सेंटिमीटर कमी करा, चार किलोंचे पैसे वाचतात.

वेरूळचे कैलास पाहताना उंची आणि खोली यांतला भेदच पुसला जातो. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असे ते अंगण मागच्या बाजूला १०० फुटांहून अधिक खोल आहे. वरून खाली कोरत नेलेल्या त्या कामात मंदिराची उंची म्हणजे काढून टाकलेल्या दगडाची खोली. कळस कुठे संपेल आणि जोते कुठे येईल, हे माथ्यावर पहिली छिन्नी मारण्याआधीच ठरवावे लागले असणार. भर घालून चूक झाकण्याची सोय तिथे नव्हती.

आता मोजण्याची साधने पार बदलली आहेत. ड्रोन खाणीवरून किंवा वाळूच्या ढिगावरून एकदा फिरला की हजारो ठिकाणच्या उंचीची जुळणी करून घनफळ काढतो. भास्कराचार्यांच्या ‘अनेक ठिकाणी मोजा’ या नियमाचीच ही पराकाष्ठा. तरी जुने प्रश्न जागेवर आहेत. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढला जातो आणि घनमीटरमध्ये मोजला जातो. जागेवर दाबून बसलेला गाळ खोदून ट्रॉलीत भरला की मोकळा होऊन फुगतो. ट्रॉल्या मोजल्या तर एक आकडा येतो, खोदण्याआधीची आणि नंतरची पातळी मोजली तर दुसरा. धरणाची क्षमता किती वाढली हे दुसऱ्याच आकड्यातून कळते, म्हणून मोजणी खड्ड्याची व्हावी आणि ट्रॉल्यांचा हिशोब वाहतुकीपुरता ठेवावा.

पाण्याखाली ड्रोनची नजर पोचत नाही. तिथे नावेतून ध्वनी सोडून तळ मोजतात. उच्च वारंवारतेचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरून परततो, कमी वारंवारतेचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. नाव तीच, जागा तीच, क्षणही तोच, आणि यंत्रावर खोलीचे दोन आकडे. दोन्ही खरे. पाणी किती मावेल हे सांगायचे असेल तर पहिला घ्यावा लागतो, मूळ धरण किती भरून गेले हे सांगायचे असेल तर दोन्ही लागतात. आणि अहवालात कोणता आकडा कशासाठी घेतला, हे त्याच्या शेजारीच लिहावे लागते.